आजपुरतं दूध

फरीदाबाद, ६ फेब्रुवारी

कुसुमावतीताई,

आम्हा ख्रिस्ती लोकांत सलाम लिहायची पद्धत आहे, पण तुम्हाला नमस्कार. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात, माझ्या मुलाचा केलात, आणि स्वतःच्या लेकीचाही केलात. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी आपण विहिणींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही, तेव्हा आधी ओळख सांगते. मी कौशल्या, आशयची आई.

बातमी चांगली आहे. वैभवीला मुलगी झाली. तुम्ही आजी झालात. थोडी लवकर झाली, पण हल्ली होतात तशी. इथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात दोघी आहेत. वैभवीला आराम मिळावा म्हणून वेगळ्या वॉर्डात ठेवलं आहे आणि बाळाला काचेच्या पेटीत. काळजीचं काही कारण नाही.

अडचण एकच आहे, तीही किरकोळ. दूध. एवढ्याशा बाळाला डब्याची पावडर सोसत नाही म्हणतात, आईचंच दूध लागतं, आणि वैभवीला ते अजून आलेलं नाही. हॉस्पिटलात दुधाची बँक आहे. इतर बाळंतिणी आपलं जास्तीचं दूध तिथे काढून देतात, ते तपासून, तापवून, थंड करून अशा बाळांना देतात. कोणाचं दूध कोणाला गेलं ते सांगत नाहीत. तिथली सिस्टर केरळची आहे. मी रोज सकाळी तिला विचारते, दूध आहे का? ती म्हणते, "आज का है, आंटी. कल का कल देखेंगे."

हे "कल का कल" माझ्या जिवाला फार लागतं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत नाही. मी जालन्याची, मिशनच्या कंपाउंडात वाढले, घरात खाणारी तोंडं फार आणि डब्यात तळ दिसत असायचा. तेव्हापासून मला डब्याचा तळ बघवत नाही. लॉकडाऊनमध्ये तर मी असं भरून ठेवलं की आमचे हे, म्हणजे बळवंतराव, म्हणाले, "कौशल्या, प्रभू परत आला तरी आपली तूरडाळ संपायची नाही." इकडे दिल्लीकडे हिवाळ्यात मटार स्वस्त झाले की सोलून वर्षाचे फ्रीझरमध्ये ठेवतात. शेजारणी पिशवी-दोन पिशव्या ठेवतात, मी फ्रीझर भरते. रोज रात्री आम्ही रोजच्या भाकरीसाठी प्रार्थना करतो. खरं सांगायचं तर मी तोंडाने रोजची भाकर म्हणते आणि मनात महिन्याचा किराणा मागते.

तुमच्याकडून एक हवं होतं. बाळंतिणीला दूध यावं म्हणून आपल्याकडे हळीव देतात. इथे मी चार दुकानं फिरले, पण त्याला हिंदीत काय म्हणतात तेच मला सांगता येईना. एका लालाजींनी मला मोहरी दिली, दुसऱ्यांनी तुळशीचं बी. फलटणला मिळत असेल तर पाठवाल का?

लग्नाच्या दिवशी फोनवर तुम्ही वैभवीला जे बोललात ते मी इथे लिहीत नाही. मी ते ऐकलंच नव्हतं असं समजा.

कौशल्या


फरीदाबाद, ९ फेब्रुवारी

कुसुमावतीताई,

मागच्या पत्रात काळजीचं कारण नाही असं लिहिलं होतं. ते खोटं होतं.

वैभवी सातव्या महिन्यातच बाळंत झाली. ऑफिसात बसल्या बसल्या तिचं डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत झटके सुरू झाले. बीपी इतकं चढलं होतं की डॉक्टरांनी आशयला धड बोलूही दिलं नाही, कागदावर सही घेतली आणि आत नेलं. बाळ काढलं. त्यानंतर वैभवीने डोळे उघडलेले नाहीत. श्वास मशीन देतं आहे. आशय मानेसरच्या कारखान्यातून सुटी घेऊन आला आहे आणि तिच्या वॉर्डाच्या दाराशी भिंतीला टेकून उभा असतो. बस म्हटलं तर बसतो, आणि मी वळले की पुन्हा उभा राहतो.

तुम्ही तिला म्हणाला होतात, माझी मुलगी मेली. मी ते ऐकलं होतं. मीच फोन धरला होता, तिचे हात मेंदीने भरले होते म्हणून. ताई, ते वाक्य मागे घ्या. मनातल्या मनात नको, तोंडाने घ्या. घरात एकट्या असलात तरी मोठ्याने म्हणा. माझा शब्दांनी माणसं मरतात यावर विश्वास नाही, पण तरी म्हणा. वैभवीचे वडील असते तर त्यांनी केव्हाच म्हणायला लावलं असतं, असं ती सांगायची.

बाळाबद्दल लिहिते. मी तिला हात लावला. पेटीला बाजूला गोल खिडक्या असतात, त्यातून हात आत घालू देतात. तिचा अख्खा तळवा माझ्या करंगळीच्या पेरावर मावला. पाठीवर बारीक लव आहे, कातडीखालच्या शिरा दिसतात, आणि एवढंसं ते अंग श्वास घेतं तेव्हा सगळंच्या सगळं हलतं. मी आशयला जन्म दिला आहे, शेजारपाजारची बाळंतपणं केली आहेत. माणूस इतका लहान असू शकतो आणि तरी पुरा असतो, हे मी कधी पाहिलं नव्हतं. तिला नखंसुद्धा आहेत.

दूध नळीतून देतात. सिस्टर सुईशिवायची पिचकारी नुसती वर उचलून धरते, दाबत नाही. दूध आपोआप हळूहळू खाली उतरतं. मी म्हटलं, जरा ढकला, लवकर जाईल. ती म्हणाली, "नहीं आंटी, अपने आप जाने दो. ज़ोर लगाओगे तो नुकसान होगा." ती हात उंच धरून उभी होती, बाळ झोपलेलं होतं, आणि दूध उतरत होतं. काय झालं मला माहीत नाही, पण माझ्या तोंडातून प्रार्थनाही निघेना. मी नुसती बघत राहिले.

कौशल्या


फरीदाबाद, १३ फेब्रुवारी

कुसुमावतीताई,

तुमचं उत्तर नाही. मी लिहीत राहणार. दुसरं कोणाला हे सांगू? आमच्या चर्चच्या मराठी मंडळीतल्या बायका रोज डबे घेऊन येतात, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "कौशल्याबाई, विश्वास ठेवा." त्यांच्यासमोर मी मान हलवते. तुम्हाला मान हलवून दाखवायची गरज नाही.

मी एक मोठा घोळ घातला. आमच्या खालच्या मजल्यावर एक भाडेकरू आहे. तिचं नाव संतोष. इकडे हरियाणात बायकांचंही नाव संतोष असतं. तिचा नवरा कंपनीची बस चालवतो आणि तिला अंगावर पिणारा मुलगा आहे. मी तिच्याकडे गेले आणि पदर पसरला. ती म्हणाली, "बालक तो बालक सै, ताई. इसमें पूछणा के?"

तिला सरळ हॉस्पिटलात नेलं असतं तर सगळं नीट झालं असतं. तिथे रक्त तपासतात, तिथेच दूध काढतात. पण तिथे दिलेलं दूध बँकेत जाणार, ज्याला लागेल त्याला मिळणार. मला ते नको होतं. मला आमच्या बाळाचा साठा हवा होता. मी फ्रीझरमधून मटार काढून टाकले, बाटल्या उकळल्या आणि संतोषकडून सकाळ-संध्याकाळ दूध काढून घेऊन तिथे रांगेने लावलं. ती रांग वाढत गेली तसा माझा जीव थाऱ्यावर आला. त्या रात्री मी बाळ झाल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपले.

काल सगळं बर्फाच्या डब्यात घालून वाजतगाजत नेलं. सिस्टरने झाकण उघडूनही पाहिलं नाही. "घर का दूध हम नहीं ले सकते, आंटी. जाँच नहीं हुई, कैसे रखा पता नहीं. इतने छोटे बच्चे को कुछ हो गया तो?" मी भांडले, रडले, तिचे हात धरले. तिने हात सोडवून घेतले नाहीत, पण दूधही घेतलं नाही. मी ते सगळं तिथल्या मोरीत ओतलं. आणि घरी आल्यावर जिन्यात संतोषच्या सासूने मला अडवलं. म्हणाली, पोरगा दोन दिवस किरकिर करतोय, आईचं दूध पुरत नाही, मी त्याला डाळीचं पाणी पाजते आहे. संतोषने मला यातलं काही सांगितलं नव्हतं.

आमच्या शास्त्रात एक गोष्ट आहे, तुम्हाला माहीत नसेल. आमच्या देवाची माणसं रानातून चालली होती, खायला काही नव्हतं. देव रोज पहाटे जमिनीवर अन्न पाडायचा. सांगणं एवढंच होतं की रोजचं रोज गोळा करा. काहींनी उद्याचं म्हणून लपवून ठेवलं, तर त्यात अळ्या पडल्या. लहानपणी रविवारच्या शाळेत ही गोष्ट मी पाठ म्हणून बक्षीस मिळवलं आहे. बळवंतरावांना मी मोरीची हकिकत सांगितली. ते म्हणाले, "अळ्या तेवढ्या पडल्या नाहीत." मला हसू आलं आणि मग रडू आवरेना.

पण सांगायचं आहे ते वेगळंच. मोरीत दूध ओतून मी वर आले, तेव्हा सिस्टर पहिल्यांदाच म्हणाली, "आज का भी अभी नहीं है." बँक रिकामी होती. मी बाहेरच्या बाकावर बसले. माझ्या शेजारी जवळच्या पलवल गावची एक बाई होती. तिचा मुलगा आमच्या बाळाच्या पलीकडच्या पेटीत होता, रोज आम्ही एकमेकींना मान डोलवायचो. तिचं दूध भरपूर, तिच्या बाळाला पुरून उरायचं, ते ती बँकेला द्यायची, त्यामुळे तिच्या सगळ्या तपासण्या झालेल्या होत्या. काल सकाळीच तिचा मुलगा गेला.

तिची माणसं खाली कागदपत्रं करत होती. ती भिंतीकडे बघत बसली होती आणि तिचा कुडता पुढून ओला झालेला होता. मूल गेलं हे अंगाला कुठे कळतं? दूध येतच होतं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. मग ती उठली, सिस्टरपाशी गेली आणि म्हणाली, "मेरे मुन्ने का जो रखा है, वो जिसके काम आए दे दो." आणि दूध काढायच्या खोलीत गेली. बऱ्याच वेळाने ओढणी सारखी करत बाहेर आली, जाताना मला मान डोलवली, रोजच्यासारखी, आणि जिना उतरून गेली.

दुपारी सिस्टरने आमच्या बाळासाठी पिचकारी भरली.

ताई, मी काय करायला हवं होतं? उपकार मानायचे, तर कोणत्या तोंडाने? मी सकाळपासून देवाकडे दूध मागत होते. मी मागितलं म्हणून ते असं आलं, असं मी कधीही म्हणणार नाही. त्या मुलाचा जीव माझ्या प्रार्थनेची किंमत नव्हता, देव असे सौदे करत नाही, एवढं मला पक्कं कळतं. पण ती बाई त्या घडीला उठून आत गेली. तिला कोणी उठवलं? तिच्या जागी मी असते तर माझ्याच्याने उठणं झालं नसतं. देवाचं भय म्हणतात ते मी लहानपणापासून प्रार्थनेत म्हणत आले होते. ते त्या बाकावर माझ्या अंगात उतरलं. भीती वाटत होती आणि मन मात्र शांत होतं, आणि हे दोन्ही एकदम कसं होऊ शकतं ते मला सांगता येत नाही.

कौशल्या


फरीदाबाद, २१ फेब्रुवारी

कुसुमावतीताई,

वैभवीने डोळे उघडले. आज ती बोललीसुद्धा, आवाज बसलेला आहे पण बोलली. पहिल्यांदा बाळाचं विचारलं. आशय तिला फोनवर फोटो दाखवता दाखवता तिथेच जमिनीवर बसून रडला, आणि मग ती त्यालाच समजावत होती.

आणि तुमचा डबा आला. वर फलटणचा पत्ता होता. चिठ्ठी असेल म्हणून मी डबा रिकामा करून पाहिला, कागदाचा चिटोराही नव्हता. बरं, नसू दे. डॉक्टरांना विचारून वैभवीला हळिवाचा लाडू दिला. तिने आधी नाकाशी धरला आणि म्हणाली, "आईने जायफळ जास्त घातलंय. मला आवडतं म्हणून घालते." मग खाल्ला. खाताना तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

दूध अजून थेंब-थेंबच येतं. बँकेचं सकाळी कधी असतं, कधी दुपारपर्यंत वाट बघावी लागते. एकही दिवस बाळ उपाशी राहिलेलं नाही. हे मी हिशेब म्हणून सांगत नाही, मला त्याचं नवल वाटतं म्हणून सांगते. आता संतोषही रीतसर तपासणी करून बँकेत देऊन येते, आपल्या मुलाचं पोट भरल्यावर. त्यातलं आमच्या बाळाला मिळतं की नाही, मी विचारत नाही. म्हणजे विचारावंसं वाटतं, पण जीभ दाताखाली धरते.

वैभवीने मला विचारलं, "आई येईल का?" पूर्वीची मी असते तर थाप मारली असती, येईल गं, तिकीट काढलं असेल. मी म्हणाले, माहीत नाही. ती म्हणाली, "बरं." आणि माझा हात धरून झोपली.

तुमच्या मनात काय असेल ते मी ओळखते. नातीला पाण्याने ओली करून चर्चच्या वहीत नाव घातलं असेल, असंच ना? नाही घातलं. तिचा बाप्तिस्मा झालेला नाही, बारसंही नाही. पेटीवर नुसती "वैभवी की बेबी" अशी चिठ्ठी आहे. जे काही करायचं ते तिचे आईबाप ठरवतील, आणि तुमच्या माघारी काही होणार नाही, हा माझा शब्द. आमच्या घरात तुमच्या देवांची तसबीर लावायला एक भिंत मोकळी आहे. बळवंतरावांनी स्वतः खिळा ठोकला आहे. तो वाकडा ठोकला आहे, पण तसबीर टिकेल.

या, ताई.

कौशल्या


फरीदाबाद, २ मार्च

कुसुमावतीताई,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुम्ही आत माझ्या पलंगावर पडला आहात, दुपारची झोप लागली आहे, घोरताय म्हटलं तर रागवाल. पण समोर बोलायला गेले की मला विनोद सुचतात आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहिते.

काल तुम्ही फोन न करता दिल्लीच्या निजामुद्दीन स्टेशनवर उतरलात आणि पिशवीसकट थेट हॉस्पिटलात आलात. माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. सिस्टरने सांगितलं तसे कोपरापर्यंत हात धुतलेत आणि आत गेलात. वैभवीने बाळाला छातीशी, आपल्या उघड्या अंगावर बांधून घेतलं होतं, आता तसं ठेवू देतात. तुम्ही बाळाकडे नंतर बघितलंत. आधी वैभवीच्या पाठीवरून हात फिरवत राहिलात, वरून खाली, वरून खाली, लहान मुलाला ढेकर काढतात तसा. मी दाराशी होते. आत यायचं मला सुचलंच नाही.

आज सकाळी तिला दूध आलं. इतके दिवस तळाला ओल यायची, आज बाटली भरली. वैभवी बाटलीकडे बघत राहिली, तिला खरंच वाटेना. मी तर बघून चक्रावले. लाडवांनी आलं की तुमच्या हाताने, की सगळ्याची वेळ देवाच्या हातात असते म्हणून, ते मला माहीत नाही. सिस्टरने आमच्या बाळापुरतं काढून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, बाकीचं उद्याकरता तुमच्या नावाने ठेवू का? एक बाळ पहाटे आलं आहे, आई शुद्धीवर नाही, बँकेत काही नाही. वैभवीच्या तपासण्या झालेल्या आहेत, तापवून आजच देता येईल. "आपकी मर्ज़ी."

ठेवा, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं, ताई. उद्या वैभवीला आलं नाही तर? एवढं सगळं बघून, एवढ्या बायकांच्या अंगचं दूध पोटात घेऊन आमचं बाळ जगलं, आणि माझी नजर त्या बाटलीवरून हटेना. वैभवीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने तुमच्याकडे पाहिलं.

तुम्ही सिस्टरला विचारलंत, "किसका बच्चा है?"

ती म्हणाली, "वो हम नहीं बताते, माताजी."

मी खाली मान घातली. आता तुम्ही जात विचाराल, धर्म विचाराल, असं मला वाटलं. माझ्याच मुलाबद्दल तुम्ही तेच विचारलं होतंत. तुम्ही बाटलीकडे पाहिलंत. मग विचारलंत, "भूखा है?"

"हाँ."

तुम्ही वैभवीच्या हातातली बाटली घेतलीत, सिस्टरच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "फिर हमको क्या पूछती हो? ले जाओ."

जन्मापासून मी ख्रिस्ती आहे. उद्याची चिंता उद्यावर सोडा हे मी लोकांना सांगत आले, त्यावर दोनदा महिला मंडळात भाषणही केलं आहे. आज ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि करणारी मी नव्हते. मी त्या खोलीत उभी होते आणि मला चपला काढून ठेवाव्यात असं वाटत होतं. त्या आधीच बाहेर काढलेल्या होत्या.

सिस्टर बाटली घेऊन दाराआड गेली. मी तुमचा हात धरला, आणि तुम्ही सोडवून घेतला नाहीत.

कौशल्या